उसनी मिनिटं

प्राध्यापक रोवीना टॅल्बर्ट यांना एखाद्या गोष्टीची किळस आली, की त्या चष्मा काढून पुसायला लागत. चष्मा स्वच्छच असायचा. पण तेवढा वेळ समोरचं धूसर दिसायचं आणि बाईंना तेवढाच विसावा मिळायचा. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना हे पुरतं ठाऊक होतं. बाईंबरोबर एखाद्या शाळा मंडळाच्या बैठकीला जाऊन आलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगे, "काल चष्मा नाकावर टिकलाच नाही." बैठक कशी झाली असेल ते बाकीच्यांना कळे.

सरकारी शाळा सुधारण्याच्या नावाखाली कोण काय करतं, कोणाला विचारतं आणि कोणाला विचारल्याचं नुसतं दाखवतं, हा बाईंच्या अभ्यासाचा विषय. तो त्यांनी पुस्तकातून उचलला नव्हता. ओहायोतल्या डेलॅनी शहराच्या दक्षिण भागात, ओतकाम कारखान्याच्या मागच्या गल्लीत त्या वाढल्या. वडील कारखान्यात भट्टीवर. शिकल्या होलिस स्ट्रीटच्या शाळेत, आणि पुढे त्याच शाळेत चौथीला शिकवायलाही लागल्या. मुलांच्या अक्षरांवर, शब्दांच्या उच्चारांवर फार जीव. मग एक वर्ष असं आलं, की तीन शिक्षणाधिकारी बदलले आणि प्रत्येकाने येताना वाचन शिकवायची आपली नवी पद्धत आणली. तिन्ही वेळा जुनी पुस्तकं खोक्यात गेली. तिसरी खोकी बांधताना बाईंनी मुख्याध्यापकांना विचारलं, की हे ठरवतं कोण? मुख्याध्यापकांनी हाताने छताकडे दाखवलं. त्या वरच्या मजल्यावर काय चालतं हे बघायला बाई विद्यापीठात गेल्या, आणि उरलेलं आयुष्य त्यातच गेलं.

तिथे जायला दार उघडावं लागतं, आणि दार उघडायची किल्ली म्हणजे गप्प बसणं. बाईंचा नियम साधा होता. ज्यांनी आपल्याला खोलीत बसू दिलं, त्यांच्याविषयी ती गोष्ट पुरती संपेपर्यंत कुठेही बोलायचं नाही. नंतर लिहायचं, तेही नावं बदलून, शांत शब्दांत. हा शब्द त्यांनी कधी मोडला नाही, म्हणून महापौरांपासून देणगीदारांपर्यंत सगळे त्यांना आत घेत. आत जे दिसे ते पाहून चष्मा हातात येई. पण लेखात उतरताना त्याचं "पालकांचा सहभाग मर्यादित राहिला" एवढंच होई. विद्यार्थी चिडत. बाई म्हणत, "आपल्याला किळस आली हा पुरावा नव्हे."

होलिस स्ट्रीटच्या गल्लीत मात्र ही शांत भाषा कोणी चालवून घेत नसे. तिथे मिस आयोला डुप्री होत्या; गल्लीत थोरामोठ्या बायकांना मानाने 'मिस'च म्हणत. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, चर्चमध्ये दारावर उभं राहून उशिरा येणाऱ्यांना नजरेनेच जागेवर बसवणाऱ्या. दोन नाती त्यांच्याकडेच वाढत होत्या आणि दोघी होलिस स्ट्रीटला जात. रोवीना लहान असताना ओट्यावर बसवून तिच्या घट्ट वेण्या घालणारी हीच आयोला, त्यामुळे प्राध्यापक झाल्याचा वगैरे धाक तिथे चालणार नव्हता. रविवारी चर्चच्या पायरीवर त्या विचारत, "काय डॉक्टरीणबाई, या आठवड्यात कोणत्या शाळेच्या मयताला जाऊन आलात?" बाई हसत. हसणं आतून नसे, पण मिस आयोलांचं ऐकून न हसणं कोणाला जमत नसे.

त्या वर्षी हिवाळ्यात डेलॅनीला नवे शिक्षणाधिकारी आले, ग्रेडन लाशर. चाळिशीतले, अंगाने सडसडीत, बोलायला गोड. दर वाक्यात 'मुलं' हा शब्द. रोवीनाबाईंचं सगळं लिखाण त्यांनी वाचलेलं होतं, निदान तसं ते म्हणाले, आणि एका विशेष समितीच्या बैठकांना बसायचं त्यांनी आपणहून आमंत्रण दिलं. शाळांची पुनर्रचना कशी होते ते पहिल्या दिवसापासून पाहा, म्हणाले. अट नेहमीचीच, की मंडळाचं मतदान होऊन सगळं मार्गी लागेपर्यंत बाहेर अक्षर नाही. बाईंनी शब्द दिला. अभ्यासकाच्या आयुष्यात अशी संधी एखादवेळीच येते.

समिती शहराच्या मध्यभागी एका बँकेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसायची. पैसे देणाऱ्या फाउंडेशनची माणसं, सल्लागार कंपनीची दोन तरुण मुलं आणि लाशर. दुपारी कागदी डब्यांतून जेवण यायचं, भाजलेला भोपळा, पालेभाजी, वर डाळिंबाचे दाणे. पहिल्याच बैठकीत भिंतीवर आलेल्या आकड्यांनुसार होलिस स्ट्रीटची शाळा अर्ध्याहून जास्त रिकामी होती. बाईंनी त्या रिकाम्या खोल्यांची यादी नीट पाहिली. त्यात संगीताची खोली होती. अडखळत बोलणाऱ्या मुलांना शिकवायची खोली होती. आणि कपडे धुवायचं यंत्र ठेवलेली खोलीही होती, जिथे घरी पाणी तोडलेल्या मुलांचे कपडे शाळेतल्या बाया गुपचूप धुऊन द्यायच्या. वर्ग भरत नाही म्हणजे रिकामी, असा हिशोब. एकजण डाळिंबाचा दाणा काट्याने टिपत म्हणाला, "चांगली इमारत आहे, वाया चाललीय." बाईंनी चष्मा काढला.

तीन-चार बैठकांत सगळं ठरलं. होलिस स्ट्रीट जूनमध्ये बंद, इमारत एका खासगी संस्थेला, मुलं तीन वेगवेगळ्या शाळांत. ठरल्यावर प्रश्न उरला तो लोकांना सांगायचं कसं, हा. सल्लागार मुलगा म्हणाला, की लोक चिडतील. लाशर मंद हसले.

"शाळा बंद झाली म्हणून लोक चिडत नाहीत," ते म्हणाले. "आपल्याला विचारलं नाही म्हणून चिडतात. हे माझं मत नाही, डॉक्टर टॅल्बर्टचं संशोधन आहे. तेव्हा आपण विचारायचं. भरपूर विचारायचं."

सगळ्यांनी वळून कौतुकाने बाईंकडे पाहिलं.

खरं होतं ते. दुसऱ्या एका गावातल्या बंद पडलेल्या शाळेवर बाईंनी पूर्वी लिहिलं होतं. तिथले पालक आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बाईंसमोर बसून रडले होते. आम्हाला कोणी माणसात धरलं नाही, म्हणाले होते. त्यातून बाईंनी तो निष्कर्ष काढला होता, अधिकाऱ्यांना लाज वाटावी म्हणून. लाशरांनी तो औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखा वाचला होता. अमुक द्यावं, म्हणजे राग उतरतो.

बाई उठून स्वच्छतागृहात गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. परत येऊन जागेवर बसल्या. लाशरांनी पढवून बसवलं असतं तरी बाईंना याहून शहाण्यासारखं वागणं जमलं नसतं. मनाशी म्हणाल्या, पुस्तक येईल तेव्हा हे सगळं बाहेर येईल. पुस्तक यायला निदान तीन-चार वर्षं लागतात, आणि तोवर मिस आयोलांच्या नाती हायस्कुलात गेलेल्या असतील, हेही त्यांना कळत होतं.

मग विचारणं सुरू झालं. एप्रिलमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत सभा. दारातच प्रत्येकाला रंगीत चिकटठिपक्यांची पट्टी मिळाली. भिंतींवर मोठे कागद लावलेले, वर लिहिलेलं, 'आमच्या स्वप्नातली शाळा'. अधिक विज्ञान. अधिक कला. अधिक खेळ. अधिक सुरक्षितता. ज्याला जे महत्त्वाचं वाटेल तिथे त्याने ठिपका लावायचा. कारखान्याच्या पाळीवरून, रुग्णालयाच्या कामावरून थेट आलेली माणसं कोट न काढता रांगेने फिरत होती, चष्मे वर करून कागद वाचत होती आणि फार विचार करून ठिपके लावत होती. ते विचार करणं बघवत नव्हतं. एक आजोबा कला आणि विज्ञान यांच्यामध्ये पाच मिनिटं उभे राहिले. शेवटी अर्धा ठिपका इकडे, अर्धा तिकडे असा बरोबर मधोमध लावून दिला.

मिस आयोला सगळे कागद वाचून सल्लागार मुलीकडे गेल्या. "'शाळा चालू राहू दे' हा कागद कुठे लावलाय?"

"आज आपण स्वप्नांबद्दल बोलतोय, मॅम," ती मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"माझं वय झोप न येण्याचं आहे, बाळ. स्वप्नं कुठून आणू?"

लोक हसले. मिस आयोलांनी आपली सगळी पट्टी दाराशेजारच्या कोऱ्या भिंतीवर लावून टाकली. मागोमाग आणखी काहींनी. रोवीनाबाई मागच्या खुर्चीत बसून हे टिपून घेत होत्या. मिस आयोलांनी लांबूनच त्यांना डोळा मारला. बाईंना त्या वेळी जे वाटलं ते त्यांनी नंतर कोणालाही सांगितलं नाही. सभेच्या अहवालात 'सहभाग उत्साहपूर्ण' असं आलं. कोऱ्या भिंतीवरचे ठिपके त्यात नव्हते.

मतदानाआधी मंडळाची जाहीर सुनावणी व्हायची होती. तिथे बोलायला माणशी दोन मिनिटं. दोन मिनिटं झाली की लाल दिवा लागतो आणि आवाज बंद होतो. पण आपली दोन मिनिटं दुसऱ्याला देता येतात. आपलं नाव आणि पत्ता सांगायचा, आणि माझी वेळ अमक्याला, असं म्हणून खाली बसायचं. चर्चच्या तळघरात रविवारच्या जेवणानंतर मिस आयोलांनी हा बेत मांडला. प्रत्येकाने उठून दोन-दोन मिनिटं ओरडायचं आणि दिव्याने गप्प करायचं, याचा त्यांना उबग आला होता. सगळ्यांची मिनिटं एकाच माणसाकडे द्यायची.

"कोणाकडे?" कोणीतरी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? आपल्यातली एक डॉक्टर आहे ना."

रोवीनाबाईंच्या ताटात रताळ्याची गोड पाई होती, ती तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "मी अभ्यासक आहे, मिस आयोला. मला बाजू घेता येत नाही."

"अभ्यास केलेलंच माणूस पाहिजे. आरडाओरडा करायला मी आहे की."

नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. बाई म्हणाल्या, "बघते." त्या गल्लीत मोठ्या माणसाला 'बघते' म्हटलं की ते हो असतं. बाईंना हे माहीत होतं.

दोन दिवसांनी लाशरांचा फोन आला. बाईंना वाटलं, आता शब्दाची आठवण करून देणार. पण त्यांचा आवाज प्रसन्न होता. तुम्ही बोलणार असं ऐकलं, फार छान, म्हणाले. तुमच्यासारखा संतुलित आवाज हवाच होता. "तुम्ही बोललात की लोकांना आपलं म्हणणं पोचल्यासारखं वाटेल," म्हणाले. फोन ठेवल्यावर बाईंनी तो रुमालाने पुसला.

तरीही त्यांनी भाषण संतुलितच तयार केलं. सवय होती. शाळा बंद केल्याचे परिणाम संमिश्र असतात, दुसऱ्या शाळांत जाणाऱ्या मुलांना आधार द्यावा, वाहतुकीचा विचार व्हावा. एकही वाक्य खोटं नव्हतं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. नाव पुकारलं की एकेक जण ध्वनिक्षेपकाशी जाई. रुग्णालयाच्या निळ्या गणवेशातली एक आई, मग मधोमध ठिपका लावणारे आजोबा, मग कोणाचे मामा, कोणाची आत्या. प्रत्येकाकडे बोलण्यासारखं काहीतरी होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. प्रत्येकाने ते गिळलं. नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि म्हटलं, "माझी वेळ डॉक्टर टॅल्बर्टना." मंडळाचे अध्यक्ष दर वेळी घड्याळात मिनिटं वाढवत होते. मिस आयोला सर्वांत शेवटी गेल्या. ज्या बाईला कोणी कधी गप्प करू शकलं नव्हतं, तिनेही तेवढंच म्हटलं आणि खाली बसली.

रोवीनाबाई उभ्या राहिल्या. कागद उघडला. "यापूर्वीचं संशोधन असं दाखवतं, की परिणाम संमिश्र असतात," त्यांनी सुरुवात केली. पुढच्या रांगेत लाशर बसले होते. ते मान डोलावत होते. रस्सा चाखून मीठ बरोबर झालंय असं सांगताना माणूस डोलावतो तशी. अध्यक्षही डोलावत होते. बाईंच्या पाठीमागे गल्लीतली माणसं वाट पाहत बसली होती.

बाई थांबल्या. इतके दिवस दुसऱ्यांची येत होती ती किळस आता त्यांना स्वतःच्या आवाजाची आली. तो आवाज लाशरांच्या आवाजासारखाच गोड होता.

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि वळून लोकांकडे तोंड केलं. आवाज अजून त्यांच्या वर्गातलाच होता, हळू.

"ही शाळा बंद करायचं मार्चमध्येच ठरलंय," त्या म्हणाल्या. "मी त्या खोलीत होते. तुम्ही ठिपके लावलेत ते ठरल्यानंतर. तुम्हाला विचारलं की तुमचा राग उतरतो, म्हणून तुम्हाला विचारलं. आजही त्यासाठीच बोलावलंय. आणि ही युक्ती त्यांना माझ्या लेखातून मिळाली."

अध्यक्ष लाकडी हातोडा आपटत म्हणाले, की बंद बैठकीतले विषय इथे काढता येणार नाहीत. लाशरांचा चेहरा पांढरा पडला होता आणि गंमत म्हणजे त्यावर खरोखरीचं दुःख होतं. त्यांना फसवलं गेल्याचं दुःख. मंडळाचे वकील घाईने अध्यक्षांच्या कानाशी गेले. थोड्या वेळाने जाहीर झालं, की मतदान पुढच्या महिन्यावर ढकललं आहे.

टाळ्या झाल्या नाहीत. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पुष्कळशी मिनिटं उरली होती. त्या खाली उतरल्या तेव्हा मिस आयोला रांगेच्या टोकाला उभ्या होत्या.

"मार्चपासून?"

"हो."

"म्हणजे मी भिंतीवर ठिपके लावत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी तुला डोळा मारला."

मिस आयोलांनी बाईंकडे पाहिलं, चर्चच्या दारात उशिरा येणाऱ्यांकडे पाहत तसं नाही. अनोळखी माणसाने पायात चिखल घेऊन घरात यावं, तसं पाहिलं. मग कोट घातला आणि निघून गेल्या. मागोमाग बाकीचे गेले. निळ्या गणवेशातली आई जाताना बाईंच्या दंडाला ओझरतं शिवून गेली, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठातून अधिष्ठात्यांनी बोलावून घेतलं. दिलेला शब्द मोडला म्हणून चौकशी होणार होती आणि तोवर सगळं संशोधन थांबवायचं होतं. ते भले गृहस्थ होते, त्यांना वाईट वाटत होतं. म्हणाले, रोवीना, आता या राज्यात कोणताही शिक्षणाधिकारी तुला दारात उभी करणार नाही. बाई म्हणाल्या, बरोबर आहे. त्यांना नियम पटतच होता, अजूनही. आपण तो मोडला हे योग्य होतं की उशिरा होतं, एवढाच प्रश्न त्यांना पडला होता. आणि तो विचारण्यासारखं माणूस गल्लीत एकच होतं.

ते माणूस शनिवारी सकाळी फोनवर आलं. नमस्कार नाही, डॉक्टरीणबाई नाही. "दहा वाजता तळघरात ये. मतदानाआधी आम्हाला कागदावर हवंय, काय काय ऐकलंस ते सगळं सांगायचं. लेखातल्यासारखं नाही. जसं झालं तसं."

"येते," बाई म्हणाल्या.

तळघरात लांब टेबलाभोवती सात-आठ जणी बसल्या होत्या. निळ्या गणवेशातली आई लिहून घ्यायला बसली होती. कॉफीचा पेला बाईंच्या पुढ्यात आला, पण ठेवणारीने वर पाहिलं नाही. खायला कोणी काही आणलं नव्हतं. मिस आयोला प्रश्न विचारू लागल्या. कोण कोण बसायचं, आधी कोण बोललं, संगीताची खोली रिकामी कोणी म्हटलं, वकील कोणाचा. बाई उत्तरं देत गेल्या. पहिल्यांदा तोंडात सवयीची वाक्यं येत होती. "असं सूचित करण्यात आलं" म्हटलं की मिस आयोला हात वर करून थांबवत, आणि बाई पुन्हा सुरुवात करत. अमका असं म्हणाला. मग तमका हसला. धुण्याच्या यंत्राची गोष्ट ऐकून एक शिक्षिका उठून जिन्यापर्यंत गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली. मग परत येऊन बसली.

"त्या सगळ्या दिवसांत," मिस आयोलांनी विचारलं, "त्या खोलीत होलिस स्ट्रीटच्या एका तरी माणसाचं नाव कोणी घेतलं? बऱ्याला, वाईटाला, कशालाही. एखाद्या पोराचं, शिक्षकाचं, माझं?"

बाईंनी मनातल्या मनात ती टेबलं, ते डबे, भिंतीवरचे आकडे पुन्हा एकदा फिरून पाहिले. घाई केली नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "कोणाचंच नाही. मीही नाही घेतलं."

लिहिणारीने मान वर केली. मिस आयोलांनी तिला लिही अशी खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.